भाऊजींच्या हत्यारांची तोंडं

आदरणीय भाऊजी,

आपल्याला वाकून नमस्कार. (खरोखरच वाकून. पाठ धरली आहे आणि सरळ उभं राहून काहीही करणं सध्या माझ्याच्याने होत नाही. कारण पुढे येईल.) ताईलाही नमस्कार. गावी आराम पडतोय ना? आपलं मनगट कसं आहे? प्लॅस्टर निघाल्याचं कळलं आणि आम्हां सगळ्यांच्या जिवात जीव आला. डॉक्टरांनी मऊ चेंडू दाबायला सांगितलाय, तो दाबताय ना? ताई म्हणते, चेंडू कपाटामागे गेलाय आणि तो तिथे कसा गेला हे घरात कुणालाच माहीत नाही. असो. आईची तब्येत उत्तम, आवाज त्याहून उत्तम. आमची ही बरी आहे. माझ्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक बेताचंच आहे. लोकांना हल्ली दिसतं फार चांगलं, असं दिसतं.

आता सर्वांत आधी एक वाक्य लिहून टाकतो: तुमची सगळी हत्यारं सुखरूप आहेत. चाकांचे नट खोलायच्या त्या हवेच्या गनसकट. हिचा हुकूम आहे की हे आधी लिहायचं, नाहीतर तुम्ही पुढचं वाचता वाचता कुठल्या तरी ओळीला ताडकन उठाल आणि मनगट पुन्हा कशावर तरी आपटाल. तेव्हा बसून वाचा. गन उत्तम चालते आहे. काल मी स्वतःच्या कानांनी ऐकली. शाळेच्या बसवाल्याने गॅरेज पुन्हा उघडण्याच्या पहिल्याच दिवशी सगळ्या बस चाकं बदलायला पाठवायचं कबूल केलंय, आणि त्या दिवशी काम अडलं तर तो पुन्हा फिरकणार नाही आणि मग शटर कायमचं खाली ओढलेलं बरं, असं तुम्ही ताईला म्हणालात, हे ताईकडून आईला आणि आईकडून आमच्यासकट सगळ्या इमारतीला कळलेलं आहे. म्हणूनच गेले काही दिवस आमच्या घशाखाली घास उतरत नव्हता. आता उतरतोय. म्हणून तर पत्र लिहायला बसलो.

मुळापासून सांगतो. तुमचं मनगट जॅकखाली आलं, आणि गॅरेजचं छप्परही नेमकं तेव्हाच उतरवायला काढलेलं, म्हणून हत्यारं आमच्याकडे आली. ऑपरेशनला आत नेण्याआधी तुम्ही आमच्या घरी फोन केलात. मी दुकानात होतो (एका गृहस्थांना कुठल्याच नंबरच्या काचेतून दिसत नव्हतं, बराच वेळ गेल्यावर लक्षात आलं की ते डोळे मिटून बसतात). ही आतल्या खोलीत शिलाई मशीनवर कुणाच्या तरी पँटला चेन लावत होती आणि मशीनच्या आवाजात तिला काही ऐकू येत नाही. फोन घेतला आईने. इथेच सगळी माशी शिंकली.

आईच्या सांगण्याप्रमाणे तुम्ही एवढंच बोललात, की सगळ्यांची तोंडं बंद ठेवा, नाहीतर धूळ… आणि फोन तुटला. आता भाऊजी, तुमच्या धंद्यात तोंड म्हणजे हवेच्या हत्याराला कॉम्प्रेसरची नळी जिथे लागते ते भोक. हे आज मला ठाऊक आहे, आणि मरेपर्यंत विसरणार नाही. पण आमच्या आईच्या डोक्यात तोंड म्हटलं की तोंडच येतं. उरलेलं वाक्य तिने स्वतःच्या हिमतीवर पुरं केलं. धूळ काय करायची? फेकायची. कुठे? डोळ्यांत. कुणाच्या? लोकांच्या. म्हणजे जावईबापूंचा निरोप असा, की हत्यारं आपल्या घरी आहेत याची कुणालाही कुणकुण लागता कामा नये, घरातल्या सगळ्यांनी तोंडं बंद ठेवायची, आणि कुणी खोदून विचारलंच तर त्याच्या डोळ्यांत धूळ फेकायची. संध्याकाळी तिने आम्हां दोघांना समोर बसवून, खिडकी लावून, हे सांगितलं. मी विचारलं, पण का? त्यावर ती म्हणाली, का ते सांगायचं असतं तर त्यांनी तोंड बंद ठेवायला कशाला सांगितलं असतं? मी खिडकीची दुसरी कडीही लावली. तिच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे असेल तर जरूर कळवा.

आईच्या पोटात काही राहत नाही हे तुम्ही जाणताच. (तुमच्या लग्नाआधी तुम्ही ताईला भेटायला येत होतात, ते ताईच्या आधी दूधवाल्याला माहीत होतं.) पण जावयाचा शब्द पडला म्हणून या बाईने जे मौन धरलं, त्याला तोड नाही. मावशीचा रोज फोन येतो. आई तिच्याशी फक्त हवापाण्यावर बोलायला लागली. मावशीने त्यावरून ताडलं की बहिणीचं काहीतरी गंभीर आहे, आणि ती फळं घेऊन थेट दारात. आली ती चादर टाकलेल्या तुमच्या हत्यारांच्या पेटीवरच बसली आणि म्हणाली, हे खालून काय टोचतंय गं? आई म्हणाली, वय. मावशी गेल्याबरोबर आईने ठरवलं की सगळी हत्यारं एका जागी ठेवणं धोक्याचं. पेटी उघडली गेली आणि हत्यारांची घरभर पांगापांग झाली. घासायचं मशीन आईच्या सुटकेसमध्ये गेलं, लोकरीच्या कपड्यांच्या मधोमध. ड्रिल हिच्या चिंध्यांच्या गाठोड्यात, वर घट्ट गाठ. बारीकसारीक हत्यारं माझ्याकडे आली. ती मी उन्हाळी चष्म्यांच्या मोठ्या डब्यांत खटकन बंद करून दुकानाच्या कपाटात ठेवली. (एक डबा मी चुकून एका बाईंना चष्मा म्हणून दिला होता. त्या परत आल्या. फार समजूतदार बाई.) आणि गन? गन आईने लपवली. कुठे, ते तिने आम्हालासुद्धा सांगितलं नाही. तोंड बंद म्हणजे बंद.

नेमक्या याच दिवसांत आमच्या वरच्या मजल्यावरच्या निवृत्त फौजदारांनी घरभर फरशा बदलायला काढल्या. भाऊजी, ती धूळ मी तुम्हाला काय सांगू! सकाळी कटर सुरू झाला की आमच्या छताच्या फटीतून पांढरं धुकं उतरायचं. आई दूध झाकायची, ही मशीनवर चादर टाकायची, मी घरात असलो की दिवसभर चष्मा पुसायचो आणि पुसून झाला की आईचा पुसायचो. घरातल्या प्रत्येक वस्तूवर बोटाने नाव लिहिता येत होतं. आम्ही सगळं झाकलं, फडक्यांनी पुसलं, नाकाला रुमाल बांधले. आणि एवढ्या धुळीत तुमच्या हत्यारांची तोंडं झाकायला हवीत हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानीमनी आलं नाही, कारण आम्ही आमची झाकण्यात गुंतलो होतो.

मग गेल्या आठवड्यात तुमचा तो फोन आला. तुम्ही विचारलंत, तोंडं बंद ठेवलीत ना? मी छाती फुगवून सांगितलं, अहो म्हणजे काय, मावशीलासुद्धा पत्ता लागू दिला नाही! तुम्ही म्हणालात, मावशीचा काय संबंध? टोपणं लावलीत की फडक्याचे बोळे कोंबलेत? मी विचारलं, आईच्या तोंडात? त्यानंतर तुम्ही जे शांतपणे समजावून सांगितलंत (शांतपणे सांगितलंत याबद्दल मी तुमचा जन्माचा ऋणी आहे), की धुळीचा कण आत गेला तर आतली पाती खरवडतात आणि हत्यार कायमचं जातं, ते ऐकून मला जो खोकला आला तो नुसता वेळ काढायला होता. मी हो हो, टोपणं, टोपणं, असं काहीतरी म्हणालो आणि फोन ठेवून खालीच बसलो.

घरात मग एकच धावपळ उडाली. सुटकेस उघडली, गाठोडं सोडलं, चष्म्याचे डबे दुकानातून घरी आणले. मी डोळ्याला भिंग लावून एकेका हत्याराच्या तोंडात टॉर्च मारत होतो आणि ही आणि आई श्वास रोखून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. आणि भाऊजी, काय सांगू, लख्ख! घासायचं मशीन लख्ख, ड्रिल लख्ख, बारीक हत्यारं तर माझ्या काचांपेक्षा स्वच्छ. माणसांपासून लपवता लपवता आम्ही ती धुळीपासूनही लपवून बसलो होतो. मी आनंदाने आईला मिठीच मारली. तीही म्हणायला लागली की मला आधीपासून ठाऊक होतं. मग हिने विचारलं, आणि गन? आईचा चेहरा उतरला. तिने पदर तोंडावर धरला. मी म्हटलं, आई, आता बोल, आता बोललीस तरी चालेल! तेव्हा तिने इतके महिने कोंडलेला सगळा आवाज एका दमात बाहेर काढला: गन पिठात आहे!

हो, भाऊजी. पिठाच्या मोठ्या डब्यात, तळाशी. कुणी म्हणजे कुणी तिथे हात घालणार नाही, असा तिचा विचार. पिशवीत का नाही गुंडाळलीस, विचारलं तर म्हणाली, पिशवी वाजते. (आमच्या जेवणाला इतके दिवस वंगणाचा वास का येत होता याचा उलगडा झाला. मी हिला बोललो होतो. माफी मागून झाली आहे.) एवढ्यात दारावर थाप. फौजदार उभे. खिडकी उघडी होती आणि त्यांनी स्वच्छ ऐकलं होतं की या घरात गन आहे आणि ती लपवलेली आहे. त्यांची मान ताठ, मिशा ताठ. जावयाची हत्यारं आहेत हो, असं आईने सांगितल्यावर तर त्यांनी दाराची कडी आतून लावली. शेवटी पिठातून गन काढून दाखवली तेव्हा त्यांची थोडी निराशाच झाली असावी. पण चौकशी अर्धवट सोडायची नाही या जुन्या सवयीने ते आमच्याबरोबर कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे यायला निघाले, गन खरंच हवेवर चालते का ते बघायला.

पंक्चरवाल्याला तुम्ही ओळखता. (तो तुम्हाला अजून उस्ताद म्हणतो, मागून काय म्हणतो ते माहीत नाही.) मी गन वरवर झटकली, आईच्या सांगण्यावरून तोंडात तेलाचे चांगले घसघशीत थेंब सोडले, त्याने नळी जोडली, मी घोडा दाबला. गनने पिठाचा एक मोठा ढेकर दिला आणि दुकानात काही दिसेनासं झालं. फौजदारांनी इतके दिवस आमच्या घरात पाठवलेली धूळ त्यांना एका फटक्यात परत मिळाली. मिशांसकट पांढरे झाले. पंक्चरवाला शिंकत सुटला. मी हसणार होतो, पण हसू ओठावर यायच्या आत गन कण्हल्यासारखी घुरघुरली आणि बंद पडली. पुन्हा दाबली, काही नाही. पुन्हा दाबली, नाहीच. पंक्चरवाला नाक पुसत म्हणाला, गेली ही. आणि भाऊजी, खरं सांगतो, त्या टायरांच्या ढिगावर बसून मला रडू आलं. तुम्ही ती गन कधी कुणाच्या हातात दिली नाहीत, आमच्या घरी ठेवलीत, आणि आम्ही ती पिठात घातली. बसवाल्याचा चेहरा, तुमचा चेहरा, खाली ओढलेलं शटर, सगळं डोळ्यांपुढे आलं. आई घरी गेली ती कुणाशी बोलेना, आणि या वेळी तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं.

बोलली ती ही. म्हणाली, अहो, हवा तर आत जाते आहे ना, मग मेलेली नाही, अडकली आहे. तिने शिलाई मशीनवरची पँट बाजूला सारली, टेबलावर पांढरं कापड अंथरलं आणि गनचं मागचं झाकण खोलायला घेतलं. मी हात लावू नकोस म्हणून ओरडलो. तिने माझ्याकडे बघितलं. मी तिला टॉर्च धरून दिला. जो भाग निघेल तो ती निघाल्या क्रमाने कापडावर मांडत गेली, आणि आत बघते तर काय, आम्ही घातलेलं तेल आणि आधीचं पीठ यांची मस्तपैकी कणीक तिंबली गेली होती! पाती ज्या खाचांतून आतबाहेर सरकतात त्या सगळ्या खाचा कणकेने बुजलेल्या. तिने मशीनच्या ब्रशने, रॉकेलने, सुईच्या टोकाने एकेक खाच साफ केली. शिलाई मशीनच्या पोटात दोऱ्याचा गुंता झाला की ती जशी त्याच्याशी बोलते तशी गनशी बोलत होती; तो सगळा मजकूर लिहिण्यासारखा नाही. मग तिने एक पातं खाचेत सोडलं आणि ते आपसूक घसरलं. ओरखडा नाही, काही नाही! पीठच ते, रेती थोडीच. ही हसली. मी टॉर्च खाली पाडला.

(झाकणाखालची कागदाची चकती उघडताना फाटली. ती हिने कपड्यांच्या मापाच्या जाड कागदातून कापून बसवली आहे. हवा कुठून गळत नाही, तरी तुम्ही एकदा नजर टाका.)

काल मशीनचं हलकं तेल घालून, बेताने घालून, आम्ही पुन्हा पंक्चरवाल्याकडे गेलो. या वेळी फौजदार रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले. हिने घोडा दाबला आणि गन अशी काही गरजली की भाऊजी, माझ्या अंगावर काटा आला. आईने तिथेच डोळ्यांना पदर लावला आणि मग जी बोलत सुटली ती अजून बोलतेच आहे. तिथे एक टेम्पो उभा होता. चाकाचे नट गंजून बसलेले, पंक्चरवाला पान्यावर उभा राहून उड्या मारत होता. ही म्हणाली, सरका. एकेक नट असा सुटला जसा सैल झालेला टाका. मीही उत्साहाच्या भरात चाक उचलायला गेलो, आणि पाठीचं कारण ते. पंक्चरवाल्याने हिला जागच्या जागी कामाला ये म्हणून सांगितलं. ही म्हणाली, विचारून सांगते.

तर आता सगळं जिथल्या तिथे आहे. प्रत्येक हत्यारातली हवा काढली, आतून पुसलं, दोन थेंब तेल देऊन क्षणभर चालवलं आणि तोंडं बंद केली. त्या तोंडांना माझ्याकडच्या डोळ्यांच्या औषधाच्या बाटल्यांची रबरी टोपणं चपखल बसतात. हवा बाहेर पडायच्या भोकांवर चिकटपट्टी लावली आहे, आणि सगळं झाकणाच्या पेटीत, पेटी उंचावर, कोरड्या जागी. फौजदारांच्या फरशा संपल्या. आम्ही दर थोड्या वेळाने पेटीकडे बघतो आणि प्रत्येक वेळी हायसं वाटतं. तुम्ही निर्धास्त या, सावकाश या, सामान ताईला उचलू द्या. मनगटाला जपा. थोरांना नमस्कार, लहानांना खाऊ आल्यावर.

तुमचा,
पाठीतून वाकलेला मेहुणा

ता. क. आईचं म्हणणं, की तुम्ही फोनवर पुटपुटता. पुढच्या वेळी तोंड उघडून बोलावं, अशी तिची सूचना आहे. ती रागावलेली नाही. हे तिने तीनदा सांगितलं, म्हणजे थोडी रागावलेली आहे.

ता. क. दुसरा. पत्र बंद करत होतो, पण हिने मागून वाचलं आणि विचारलं, मुख्य गोष्ट कुठे आहे? मी म्हटलं, गन चालते ही मुख्य गोष्ट. ती म्हणाली, गन चालते हो, पण धरणार कोण?

भाऊजी, रागावू नका. ताईने हिला सांगितलंय. तुमची मूठ मिटत नाही. भरलेला पेला उजव्या हातात राहत नाही, आणि ताई पाठमोरी असली की तुम्ही तो डाव्या हाताने उचलता, आणि तिला दिसत नाही असं समजता. पहिल्या दिवशी गनही डाव्या हाताने धरीन, कुणाला कळणार नाही, असं तुम्ही मनाशी ठरवलंय. ती गन किती जड आहे आणि सुटताना कसा हिसका देते हे आता मीही बघितलंय. दुसरंही मनगट जाईल हो. एवढं लांबलचक पत्र मी लिहिलं ते हे वाक्य लिहायची हिंमत गोळा व्हावी म्हणून. एवढा वेळ मी नुसतं हवापाणीच लिहितोय, ही म्हणते.

ता. क. तिसरा. उरलेलं मी माझ्या शब्दांत मांडणार होतो, म्हणजे घरातलं माणूस आहे, मदत होईल, तुम्हाला विश्रांती मिळेल, वगैरे. तिने ते सगळं खोडायला लावलं. पंक्चरवाल्याला तिने काल संध्याकाळी नाही म्हणून कळवलं आणि आज सकाळी गॅरेजची किल्ली तुमच्या इथल्या घरमालकांकडून मागून घेऊन ती झाडायला गेली आहे. जाताना तुमच्यासाठी निरोप देऊन गेली. तो पुरा ऐकून, दोनदा विचारून, जसाच्या तसा लिहितो: भाऊजींना म्हणावं, इंजिनाचा आवाज ऐकून काय बिघडलंय ते तुम्ही सांगा, ते मला सात जन्मांत जमायचं नाही. पण मला तुमच्या हाताखाली ठेवू नका. हाताच्या जागी ठेवा.